थांबलेली गल्ली

ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडच्या हवेला दोन वास येतात. एक गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, दुसरा कारखान्याच्या मळीचा. पहिल्यानं तोंडाला पाणी सुटतं आणि दुसऱ्यानं नाकाला पदर लावावा लागतो. कोडोलीच्या फाट्यावर उतरलं की दोन्ही एकदमच अंगावर येतात, आणि मला कळतं की मी घरी आले.

मी वर्ध्याला सरकारी नोकरीत आहे. तिथल्या थंडीला असा वास नाही. तिथं बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी दिसायला लागली की मी तिकीट काढायला बसते, आणि तिकीट काढताना दर वर्षी माझा हात अडतो. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, वडिलांची आठवण येत असणार, ते याच दिवसांत गेले ना. आठवण येतेच. पण हात अडतो तो लाजेनं. हे मी त्यांना सांगत नाही. सांगायला गेलं की समोरचं माणूस लगेच म्हणतं, गाडीला उशीर झाला यात तुझा काय दोष? दोष नाही हे मलाही कळतं. लाज वाटायला दोषच लागतो असं कुणी सांगितलं?

कोल्हापूर हे गाडीचं शेवटचं स्टेशन. पुढं रूळच नाहीत. वाटेतल्या गावांना उशीर थोडाथोडा वाटून मिळतो. आमच्याकडं मात्र साऱ्या महाराष्ट्रात साठलेला उशीर येऊन एकदम रिकामा होतो. कुठं समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबलेली असते, कुठं रुळांचं काम, कुठं पुढं मालगाडी अडकलेली. गाडीतल्या माणसाला उशीर खिडकीतून दिसतो. एकच बाभळ, एकच खांब, बांधावर चरणारी एकच म्हैस. तो बघून बघून कंटाळतो, झोपतो, उठतो, चहा पितो, शेजाऱ्याशी ओळख काढतो. घरी जो वाट बघत असतो त्याच्यापुढं बाभळ नाही की म्हैस नाही. त्याच्यापुढं नुसता रस्ता असतो.

हे मला शिकवलं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. शिकवलं म्हणजे कधी बोलून दाखवलं नाही.

आण्णा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगाम चालू असताना पाळी, हंगाम संपला की रान. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्याआधी पोरात कुणी नाही आणि पोरीत तर नाहीच नाही. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते आणि ती वाकवून सांगायचं मला काही कारण दिसत नाही. वर्ध्याला नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा आण्णा पाळी बदलून, एसटीनं कोल्हापूरला येऊन, फलाटावर नळाजवळच्या बाकड्यावर बसलेले होते. गाडीला तेव्हाही बराच उशीर झाला होता. खांद्यावर टॉवेल, शेजारी पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि काकवीची बाटली. मला बघून उठले आणि म्हणाले, "दमलीस?"

मी बसून आले होते, झोपून आले होते. बाकड्यावर सकाळपासून ते बसले होते.

पुढं दर वेळी तेच. मी कितीदा सांगितलं की आण्णा, फोन करते, मग निघा. ते म्हणायचे, तू फोन करशील तवा निघालो तर तू पोचल्यावर मी पोचंन. चौकशीच्या खिडकीवर जाऊन गाडीचं विचारायचंसुद्धा नाहीत. विचारलं म्हणून काय लवकर येती व्हय, असं त्यांचं गणित. आधी मला त्याचा संकोच वाटायचा. गाडीतून उतरताना सोबतचे लोक बघायचे, हिला न्यायला कोण आलंय. मग संकोच गेला आणि सवय झाली. मग सवयीची चटक लागली. गाडी जितकी उशिरा, तितकं बाकड्यावरचं ते माणूस मला जास्त आपलं वाटायचं. कुणीतरी आपल्यासाठी ताटकळतंय, यात एक गोडी असते. काकवीसारखी, बोटांना चिकटणारी.

ते गेले त्या हिवाळ्यात सकाळी संभाचा फोन आला. संभा माझा धाकटा भाऊ. रान बघतो, ट्रॅक्टरवर ऊस ओढतो. म्हणाला, "आक्का, आण्णा गेलं." रात्रपाळी करून आले, चहा घेतला, खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत.   मग म्हणाला, "तू ये. थांबतो आमी."

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. माती, म्हणजे अंत्यविधी, त्यासाठी पोरगा लांब असला तर थांबतात. अग्नी त्याच्या हातचा लागतो. लेकीसाठी थांबतातच असं नाही. लेक लांबची असली तर तिनं तिसऱ्या दिवशी रक्षेला यायचं, राखेपुढं हात जोडायचे. संभा घरीच होता. अग्नी द्यायला माणूस होता. तरी माझ्यासाठी थांबायचं ठरलं. संभानंच भावकीत सांगितलं, आण्णा तिच्यासाठी स्टेशनात दिवस दिवस थांबायचं, आज आपण थांबूया. तिच्या हातचं पाणी त्यांच्या तोंडात पडू दे. कोल्हापूरहून शीतपेटी आणली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. दिवस मावळल्यावर आमच्यात माती करत नाहीत, पण दुपारी आले तर वेळच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत गाडी बरी आली. पुढं ती एका लहान स्टेशनात उभी राहिली ती राहिलीच. पुढं मालगाडी बंद पडलीय म्हणे. माझ्या समोरच्या बाकावर अमरावतीकडचं एक कुटुंब होतं, अंबाबाईच्या दर्शनाला निघालेलं. त्यातल्या मावशीनं मला विचारलं, माहेरी चाललीस का? मी हो म्हणाले. पुढचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं असतं, आणि दया मला लहानपणापासून चालत नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी म्हणाले, निघेल आता, तासाभराचा प्रश्न आहे. दुसरा आला तेव्हाही तेच. मोबाईलवर गाडीचा जो उशीर दिसत होता तो मी सांगत नव्हते. मला जो हवा होता तो सांगत होते. गाडी हलायची, दोन स्टेशनं जायची, परत थांबायची. आमच्या गाडीसाठी बंद केलेल्या फाटकांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली दिसायची. ड्रायव्हर खाली उतरून उसाची कांडी सोलत बसलेले.

एका स्टेशनात कांदाभजी आली. मावशीनं दोन पुडे घेतले, एक माझ्या हातावर ठेवला. "खाऊन घे व बाई. गाडीचं काय, ते येते आन् जाते. पोटाले उशीर चालत नाही." कालपासून मी चहावर होते. भजी गरम होती. मी खाल्ली. मिरचीसकट खाल्ली आणि कागदाला चिकटलेले कांद्याचे तुकडेही खाल्ले. बाप शीतपेटीत असताना पोट कसं काय मागतं, असं एकदा मनात आलं. पण पोटाला ते ऐकू गेलं नाही.

घास तोंडात असतानाच फोन वाजला. संभा. मी घास तसाच गिळला आणि हॅलो म्हटलं.

"आक्का, कुठवर आलीस?"

"आलो रे. कराड गाठलं की झालं." घरच्या फोनवर माझं 'आले' आपोआप 'आलो' होतं, आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.

तो जरा थांबला. मागं माणसांची कुजबुज ऐकू येत होती. "काय करूया?" त्यानं विचारलं. "तात्या म्हणत्यात, तू सांगशील तसं."

त्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला. शिकलेली आहे, एवढं कळतं. दिवस उतरणीला लागला होता. थांबू नका, उरकून घ्या, एवढंच मी म्हणायचं होतं. त्याला स्वतःहून ते म्हणता येत नव्हतं. म्हणून तो माझ्याकडं मागत होता.

आणि नेमकं त्यानं तात्यांचं नाव घेतलं.

तात्या म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ, भावकीतले थोरले. बारावीनंतर मी कॉलेजात नाव घालायचं म्हटलं तेव्हा आमच्या बाहेरच्या सोप्यात बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं ते आण्णांना म्हणाले होते, "पावणं काय तिची परीक्षा संपायची वाट बघत थांबणार न्हाईत." आण्णा दुसऱ्या दिवशी मला घेऊन वारणानगरला गेले आणि नाव घालून आले. ते वाक्य मी विसरले नव्हते. प्रत्येक परीक्षेच्या निकालाला आठवलं होतं. आणि आता तेच तात्या, तेच सगळे चुलते, तीन रस्त्यांच्या तिट्ट्यावरची ती सगळी मिश्यांवर ताव देणारी मंडळी माझ्यासाठी थांबलेली होती. पोरीसाठी. माझ्या शब्दासाठी. मी सांगेन तसं होणार होतं.

मला बरं वाटलं. बाप गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ओठांना भज्याचं तेल लागलेलं असताना, मला आतून बरं वाटलं. हीच ती गोष्ट आहे, जी मैत्रिणींना सांगता येत नाही.

मी म्हणाले, "आलोच की. थांबा."

तो म्हणाला, "बरं."

गाडी कोल्हापूरला लागली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. संभाचा मित्र जीप घेऊन आला होता. उतरल्या उतरल्या माझी नजर नळाजवळच्या बाकड्यावर गेली. तिथं कुठल्यातरी शाळेची सहल बसली होती, बाकडं पोरींनी भरलेलं.

कोडोली जवळ आली तशी मी गावाकडं बघत राहिले. गॅस आता सगळ्यांकडं आहे, पण अंघोळीच्या पाण्याची चूल अजून दारातच असते. त्यामुळं ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी गावावर धुराचा एक पडदा धरतो. निळा, पातळ, घरांच्या वर हातभर उंचीवर थांबलेला. त्या दिवशीही तो होता. मधेच एका जागी तो फाटल्यासारखा दिसत होता. जीप वळली तेव्हा कळलं की ती आमची गल्ली.

मढं दारात असताना भावकीत चूल पेटत नाही. ही रीत मला जन्मापासून माहीत होती. गाडीत बसून मी उशिराचे तास मोजले, स्टेशनं मोजली, पण चुली मला एकदाही आठवल्या नाहीत. आमची अख्खी गल्ली भावकीची आहे. एकाही दारात धूर नव्हता. काल सकाळपासून नव्हता. वरच्या गल्लीतून रात्री पिठलं-भाकरी आली होती ती पोरांना चारली होती. चहा तिकडूनच किटलीनं येत होता. मोठी माणसं नुसत्या चहावर होती. बायका भिंतीला टेकून, पुरुष कट्ट्यावर पाय सोडून.  बोलायला अंगात बळच नव्हतं. तात्यांच्या उसाची तोड बरोबर त्याच दिवशी आली होती. तोडणाऱ्यांची टोळी फडात जाऊन उभी राहिली, मालक नाही बघून दुसऱ्याच्या रानात गेली. एकदा गेलेली टोळी परत कधी यायची याचा काही नेम नसतो. तात्या कट्ट्यावर बसून होते, डोक्याला टॉवेल बांधून. माझ्याकडं बघून म्हणाले, "आलीस बाळ? जा, पाणी घाल."

एवढंच म्हणाले. मी ज्या माणसाला गाडीत बसून हरवलं होतं, तो माझ्यासाठी उपाशी बसला होता आणि मला बाळ म्हणत होता.

मी आत गेले. आण्णांचं तोंड बघितलं. तुळशीच्या पानानं त्यांच्या ओठांत पाणी सोडलं, ते गालावरून ओघळलं आणि आईनं पदरानं टिपलं. त्यांच्याबद्दल मला त्या घटकेला जे वाटलं ते मी इथं लिहिणार नाही. ते माझं आहे.

मग गडबड उडाली. दिवस मावळायच्या आत उचलायचं होतं. माणसं अक्षरशः पळत गेली. खांदे बदलताना चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये धापा टाकत होते. रिकाम्या पोटी माणसाला पळायला लावलं मी.

बाया मागं राहिल्या. आमच्या शेजारची सोनाकाकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, म्हणून दुपारी तिला चक्कर आली होती. मी जवळ जाऊन बसले तशी तिनं एक डोळा उघडला, माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "मी गुळाचा खडा खाल्लाय गं मगाशी. सांगू नगस कुणाला."

ती माझी माफी मागत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, जीव घाबराघुबरा झाला म्हणून तोंडात गुळाचा खडा टाकला, त्याची चोरी वाटून माझ्याकडं माफी मागत होती. आणि माझ्या कुर्त्याच्या बाहीला भज्यांचा वास येत होता. मला वाटलं तिला तो येतोय. मी हात मागं घेतला.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी वाट बघत राहिले की कुणीतरी बोलेल. आमच्याकडची माणसं तोंडाची फटकळ. लग्नात वरणात मीठ जास्त झालं तर नवरीच्या बापाला वरातीत ऐकवतील. पण माझ्या गाडीबद्दल आजतागायत कुणी चकार शब्द काढलेला नाही. तात्यांचा ऊस पुढं बरेच दिवस रानात वाळत उभा राहिला. ते मला फोनवर संभानं नाही, बोलता बोलता भलत्याच कुणीतरी सांगितलं. तात्यांनी कधी सुचवलंसुद्धा नाही. उलट लग्नाकार्यात चार माणसांत माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, आमची लेक हाय, मोठी अधिकारी हाय तिकडं. मी अधिकारी नाही. पण ते खोडून काढायला माझं तोंड उघडत नाही. एखाद्यानं एकदा तरी टोमणा मारला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही.

तेव्हापासून गाडीत बसलं की माझं लक्ष खिडकीबाहेर राहत नाही. गाडी उगीच कुठं थांबली की मी डब्यातल्या माणसांकडं बघते. कोण फोनवर काय सांगतंय ते ऐकते. प्रत्येक जण घरी खोटं सांगत असतो. पोचतोच, आलोच, अर्ध्या तासात. पलीकडं कुणीतरी दूध तापवायचं थांबवलेलं असतं, कुण्या म्हाताऱ्यानं औषधाची वेळ पुढं ढकललेली असते, कुणी पोर अंगणात येऊन परत आत गेलेलं असतं. गाडी एक थांबते, तिच्याबरोबर किती घरं थांबतात. त्यातल्या एखाद्याला तरी वाटत असेल का, की थांबलेत हे छान आहे? विचारायचं धाडस होत नाही. माझ्यावरून जग ओळखू नये, असं मीच मला सांगते.

यंदा आण्णांच्या तिथीला मी निघाले. त्या दिवशी दुपारी त्यांच्या नावानं पान वाढायचं, मग भावकीची पंगत. गाडीनं नेहमीप्रमाणं पुणं सोडलं आणि नेहमीप्रमाणं मान टाकली. संभाचा फोन आला.

"आक्का, कुठवर आलीस?"

मी सांगितलं. खरं सांगितलं, मोबाईलवर दिसत होतं तेवढंच.

तो म्हणाला, "मग काय करूया?"

तेच शब्द. त्याच्या ध्यानात नसणार, माझ्या होते. मी एका दमात म्हणाले, "थांबू नका. पान वाढा, पंगत उरका. मी आलो की जेवतो." तो बरं म्हणाला.

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. म्हणजे सुरुवातीला हलकं, आणि मग जरा मोठं वाटायला लागलं. बघ, जमलं की नाही तुला. भजीवाला आला, मी घेतली नाही. उपाशी बसले, आणि उपाशी बसल्याचीही मनातल्या मनात ऐट केली. कराड गेलं, सांगली-मिरज गेलं. आत कुठंतरी हेही वाटत होतं की ते काही ऐकणार नाहीत. संभा म्हणेल, न्हाय न्हाय, आक्का आल्याबिगर पान न्हाय. मी दारात जाईन, सगळे पत्रावळीपुढं ताटकळत बसलेले असतील, आणि मी म्हणेन, काय हे, मी सांगितलं होतं ना!

माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून फाट्यावर उतरले. दोन्ही वास आले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर गल्लीवर धूर होता, छान घट्ट निळा. दारात मोठी भांडी घासायला काढलेली. राखेचा ढीग, खरकट्यावर कावळे. पोरं बोटं चाटत हिंडत होती. तात्या कट्ट्यावर विडा खाऊन, टॉवेल उशाला घेऊन घोरत पडले होते. सोनाकाकू तिच्या उंबऱ्यातून हसली. "आलीस? मी आज दोनदा वाढून घेतलो बघ. खीर बी खाल्लो. शालनला सांगू नगस." शालन म्हणजे संभाची बायको; काकूच्या साखरेवर तिची नजर असते.

मीही हसले. म्हणाले, बरं झालं काकू. आणि दारात चप्पल काढताना मला ते टोचलं. खरंच थांबले नाहीत. एकानंही म्हटलं नाही की थांबूया.

इतक्या वर्षांनी मला वाटत होतं की ती जुनी लाज मी सोबत घेऊन हिंडते. ती जुनी नव्हतीच. ज्या पोरीला तेव्हा बरं वाटलं होतं, ती पोरगी इथंच होती, पायातली चप्पल काढत होती, आणि आपल्यासाठी कुणी उपाशी नाही म्हणून तिला वाईट वाटत होतं.

आई आत पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. तिनं माझ्याकडं वर बघितलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

"तोंड का उतरलं गं?"

"कुठं उतरलंय."

"मला शिकवू नगस. तूच म्हणालीस न्हवं, थांबू नका?"

"म्हणालो की."

"मग?"

 संभा चौकटीत उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. आई एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला वाट बघायची सवय हुती. मला न्हाय. माझ्या येळंला तुझी गाडी कुठं बी असू दे, दिवस बघून उचलायचं. संभाला सांगून ठेवलंय. तात्या भाऊजींस्नी बी सांगितलंय."

बाहेर तात्यांचं घोरणं थांबलं.

संभानं तांब्या खाली ठेवला.  त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी फोनवर जसा थांबला होता तसाच. मला आईचं तोंड दिसत होतं, पान-सुपारीनं लाल झालेलं, बोळकं. तिच्या ओठांत मी पाणी घालणार नव्हते, असं ती मला सांगत होती. घातलं तर गाडी वेळेवर आली म्हणून.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"मोठ्यानं म्हण. त्याला ऐकू गेलं पायजे."

 मी संभाकडं वळले. "थांबू नगस, संभा," मी म्हणाले. "आईच्या येळंला थांबू नगस."

त्यानं मान हलवली आणि तसाच बाहेर गेला. आईनं अडकित्ता उचलला. जसं काही मी बाजारातून काय आणायचं ते सांगितलं होतं.

शालननं ताट आणलं. आमटीत बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, गार झालीया, तापवू का?

"तापीव की," आई म्हणाली. "चूल काय विझलीया व्हय."

ताट परत आलं तेव्हा आमटीवर वाफ होती. मी घास घेतला. दारातली सगळी माणसं जेवलेली होती.